काळ्या दगडाचे तीन फेरे : मार्टिन फ्रोबिशर प्रकरण, १५७६ ते १५८३

प्रकरण एका ओळीत सांगायचं तर असं : इंग्लंडने एका माणसाला चीनची वाट शोधायला पाठवलं आणि दोन वर्षांच्या आत त्यालाच खडी वाहायच्या कामाला लावलं.

माझं आयुष्य लोकांची खातेबुकं तपासण्यात गेलं. त्यामुळे फ्रोबिशरच्या तीन सफरींकडे बघताना मला बर्फापेक्षा कागद जास्त दिसतात. कागद भरपूर आहेत, कारण या मोहिमेचा खजिनदार मायकल लॉक दिवाळं निघालं तरी जमाखर्च लिहीत राहिला. सोनं निघालं नाही ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. माझा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या तीन पारख्यांनी ‘यात काही नाही’ असं स्वच्छ सांगितल्यावरही तिसऱ्या वर्षी पंधरा जहाजं सुटली. ती कशी सुटली?

माणसं आणि मनसुबा

दक्षिणेकडून पूर्वेला जायच्या वाटा पोर्तुगाल आणि स्पेनने अडवल्या होत्या. इंग्रज व्यापाऱ्यांना मसाले हवे होते, लोकरीच्या कापडाला गिऱ्हाईक हवं होतं. अमेरिकेच्या डोक्यावरून वळसा घालून चीनकडे, त्यांच्या भाषेत ‘कॅथे’कडे, जाणारी सामुद्रधुनी असणारच, असं तेव्हाचे नकाशे ठासून सांगत. त्या नकाशांतला एक तर बनावट होता. उत्तर अटलांटिकमध्ये नसलेली बेटं दाखवणारा हा नकाशा व्हेनिसमध्ये १५५८ साली छापला गेला होता आणि फ्रोबिशरचा त्याच्यावर भरवसा होता. परिणाम असा की ग्रीनलंड समोर दिसत असताना तो त्याला ‘फ्रीसलंड’ समजला.

फ्रोबिशर यॉर्कशायरचा, १५३५च्या आसपासचा जन्म. पोरवयातच पश्चिम आफ्रिकेच्या सफरीवर गेला, तिथे पोर्तुगीजांच्या हाती ओलीस राहिला. मोठेपणी चाचेगिरीच्या आरोपांखाली एकदा नव्हे, अनेकदा अटक झाली. धाडसी, रांगडा, डोकं चटकन फिरणारा. लॉक अगदी उलट. शिकलेला, भाषा जाणणारा, पुस्तकं आणि नकाशे जमवणारा व्यापारी, रशियाशी व्यापार करणाऱ्या मस्कोव्ही कंपनीचा लंडनमधला कारभारी. उत्तरेकडच्या वाटांची मक्तेदारी याच कंपनीकडे होती, त्यामुळे परवाना तिच्याकडूनच काढावा लागला.

पहिल्या सफरीसाठी भागधारकांकडून ८७५ पौंड जमले. खर्च झाला १६०० पौंडांच्या वर. मधली तफावत लॉकने स्वतःच्या खिशातून भरली. हा आकडा मी पेन्सिलीने गोल करून ठेवला आहे. पुढे लॉक जे जे वागला त्याची किल्ली यात सापडते.

पहिली फेरी : पाच माणसं गेली, एक दगड आला

जून १५७६. ‘गॅब्रिएल’ आणि ‘मायकल’ अशी पंचवीस-तीस टनांची दोन तारवं आणि सोबत एक छोटा मचवा. सगळी मिळून पस्तीसेक माणसं. ग्रीनिचच्या राजवाड्यासमोरून जाताना राणी एलिझाबेथने खिडकीतून हात हलवून निरोप दिला. ग्रीनलंडजवळच्या वादळात मचवा चार माणसांसकट बुडाला. ‘मायकल’ने शीड फिरवून घर गाठलं आणि ‘गॅब्रिएल बुडालं’ अशी बातमीही देऊन टाकली. फ्रोबिशर मात्र अठरा माणसांनिशी पुढे सरकला आणि जुलैअखेर आजच्या बॅफिन बेटाच्या दक्षिण टोकाला पोचला. समोर पाण्याचा लांब फाटा आत जात होता. उजवीकडे आशिया, डावीकडे अमेरिका, मधली ही आपली सामुद्रधुनी, असं त्याने ठरवून टाकलं. प्रत्यक्षात ती खाडी होती आणि तिच्या टोकाला वाट संपते. तिथे आज कॅनडातल्या नुनावुतची राजधानी इकालुइत आहे. १९८७पर्यंत त्या गावाचंही नाव फ्रोबिशर बे होतं.

तिथल्या इनुइट लोकांशी आधी देवघेव झाली. मग एका इनुइटाला काठावर सोडायला होडी घेऊन गेलेले पाच खलाशी परतलेच नाहीत. जहाजावरची एकुलती एक होडी त्यांच्याबरोबर गेली. फ्रोबिशरने मग एक डाव टाकला. जहाजाच्या कडेला उभं राहून तो घंटी वाजवू लागला. एक जण कायाकमधून, म्हणजे कातड्याच्या अरुंद होडीतून, जवळ आला, घंटीसाठी हात पुढे केला. फ्रोबिशरने तो हात मनगटापासून धरला आणि माणसाला कायाकसकट पाण्यातून उचलून वर घेतलं. त्या माणसाने संतापाने स्वतःची जीभ चावून तोडली, असं मोहिमेचा इतिहास लिहिणारा जॉर्ज बेस्ट सांगतो. ऑक्टोबरात लंडनला पोचल्यावर तो थोड्याच दिवसांत वारला.

आता दगड. फ्रोबिशरने माणसांना सांगून ठेवलं होतं की किनाऱ्यावर जे पहिल्यांदा हाताला लागेल ते आणा, मग ते जिवंत असो वा मेलेलं, गवत असो वा धोंडा. उद्देश एवढाच की राणीच्या नावाने कबजा घेतल्याची खूण असावी. रॉबर्ट गॅरार्ड नावाच्या खलाशाने एका छोट्या बेटावरून काळा दगड आणला, अर्ध्या पेनीच्या पावाएवढा. म्हणजे ज्या वस्तूवर पुढे हजारो पौंड लागले, ती मुळात खनिज म्हणून कोणी उचललेलीच नव्हती. खाण कुठे, शिरा किती लांब, आसपासचा खडक कसला, यातलं काहीच कोणी पाहिलं नव्हतं. सरकारी मोजणीदार हद्दीचा दगड ठोकतो, तसा तो एक धोंडा होता.

मूस

लॉकने दगडाचे तुकडे करून पारख्यांकडे पाठवले. पहिला विल्यम विल्यम्स, लंडनच्या टॉवरमधल्या टांकसाळीचा अधिकृत पारखी. त्याने सांगितलं, हे माक्षिकाच्या, म्हणजे नुसत्या चमकणाऱ्या लोह-गंधकाच्या खनिजाच्या जातीचं आहे, धातू नाही. दुसऱ्याने नाही म्हटलं, तिसऱ्यानेही नाही म्हटलं. जानेवारी १५७७मध्ये लॉक चौथ्याकडे गेला. जोव्हानी बातिस्ता आन्येल्लो हा लंडनमध्ये राहणारा व्हेनिसचा किमयागार. त्याने तीन वेळा तुकडे घेतले आणि तिन्ही वेळा सोन्याची बारीक कणी काढून दाखवली. इतरांना दिसलं नाही ते तुम्हाला कसं दिसलं, असं लॉकने विचारल्यावर त्याने इटालियनमध्ये उत्तर दिलं की निसर्गाची खुशामत करता यावी लागते.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. हिशेबतपासणीत असं उत्तर मिळालं की समजावं, आता पुढचा कागद मागायलाच हवा. लॉकने मागितला नाही.

टंच काढायची तेव्हाची रीत समजून घेतली तर यातली मेख दिसते. दगड कुटून पीठ करायचं, मुशीत शिसं घालून वितळवायचं. सोनं-चांदी असेल तर ती शिशात उतरते. मग तो गोळा हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत ठेवून तापवायचा. शिसं जळून वाटीत मुरतं आणि तळाशी सोन्या-चांदीचा मणी उरतो. मणी तोलायचा, नायट्रिक आम्लात चांदी विरघळवायची, उरलं ते सोनं. रीत चांगली आहे, आजही वापरात आहे. पण शिशात मुळातच थोडी चांदी असते. म्हणून जाणता पारखी आधी नुसतं शिसं जाळून त्याचा मणी किती येतो ते बघतो आणि तेवढं वजा करतो. मुशीत दगडाखेरीज आणखी काय काय पडलं, याची नोंद नसेल तर मणी कुठून आला हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या पेठेतला म्हातारा सराफ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मूस उलटी करून दाखवायचा, रिकामी आहे म्हणून. आन्येल्लोची मूस उलटी करून कोणी पाहिल्याची नोंद नाही.

आन्येल्लोने लबाडी केली का, हे मी सांगणार नाही. त्याची या प्रकरणात गरजही नाही. तीन ‘नाही’ आणि एक ‘हो’ हातात असताना लॉकने ‘हो’ उचलला आणि राणीपर्यंत नेला, एवढं पुरेसं आहे. पहिल्या सफरीत त्याचा स्वतःचा पैसा अडकला होता. एक कैदी आणि एका खाडीची गोष्ट दाखवून कोणी पुन्हा पैसे दिले नसते. सोन्यासाठी दिले.

दुसरी फेरी

इथून मोहिमेचं कामच बदललं. १५७७च्या लेखी हुकुमात पहिलं काम खोदण्याचं आलं आणि चीनची वाट खाली सरकली. राणीने हजार पौंड घातले, शिवाय ‘एड’ हे २०० टनांचं जहाज दिलं. फ्रोबिशरने खाडीतल्या एका टेकाडवजा बेटावर तळ ठोकला. इनुइट लोक त्याला कोडलुनार्न म्हणतात, म्हणजे गोऱ्यांचं बेट. मोजके खाणकामगार, बाकी शिपाई आणि खानदानी तरुण, अशा सगळ्यांनी मिळून ऑगस्टअखेरपर्यंत जवळपास २०० टन दगड फोडून भरला.

हरवलेल्या पाच खलाशांचे कपडे एका तंबूत सापडले आणि त्यावरून चकमक उडाली. पाच-सहा इनुइट मारले गेले. एका म्हातारीला पकडून तिचे बूट काढून पाहिले, पायाला खूर आहेत का ते. मग सोडून दिलं. या सफरीत एक पुरुष आणि कडेवर मूल असलेली एक बाई पकडून ब्रिस्टलला आणली. इंग्रजांनी त्यांची नावं लिहून ठेवली, कालिचो आणि आर्नाक. ‘आर्नाक’चा इनुइट भाषेतला अर्थ नुसता ‘बाई’. तिचं नाव कोणी विचारलंच नसावं. कालिचोने एव्हन नदीत कायाक चालवून भाल्याने बदकं मारून दाखवली, बघायला गर्दी लोटली. नोव्हेंबरात तो गेला. एडवर्ड डॉडिंग या डॉक्टरने शव तपासलं तेव्हा बरगड्या मोडलेल्या निघाल्या. पकडतानाच्या झटापटीतली दुखापत ती. पाठोपाठ ती बाई गेली आणि नंतर लंडनमध्ये मूल. मोहिमेच्या ताळेबंदात या तिघांचा खर्च आहे, अन्नाचा आणि दफनाचा.

दगड ब्रिस्टलच्या किल्ल्यात आणि लंडनच्या टॉवरमध्ये कुलपांत पडला. कुलपं चार आणि किल्ल्या चार वेगवेगळ्या माणसांकडे. बंदोबस्त चोख! आत काय आहे हे मात्र ठरायचं होतं.

घटता भाव, वाढतं आरमार

माझ्या दृष्टीने प्रकरणाचा गाभा १५७७-७८च्या या हिवाळ्यात आहे. योनास शुट्झ हा जर्मन धातुतज्ज्ञ आता मुख्य पारखी होता. आधी त्याने टनामागे ४० पौंडांची गोष्ट केली. बुर्खार्ड क्रानिच नावाचा दुसरा जर्मन पुढे आला आणि पन्नासच्या वर बोलला. क्रानिच मुशीत बाहेरचा माल घालतो, असा आरोप त्याच्यावर झाला. दोघे जण एकमेकांना खोटं पाडत होते. फ्रोबिशरने टॉवर हिलच्या भट्टीवर जाऊन शुट्झवर खंजीर उपसला, असं लॉकने लिहून ठेवलं आहे. भट्टी तापत नाही, धूर कोंडतो, दगड वितळत नाही, या सबबी रोजच्या होत्या. अखेर शुट्झ २३ पौंड १५ शिलिंगांवर आला.

म्हणजे भाव जवळजवळ निम्म्यावर आला आणि तोही छोट्या चाचण्यांवर काढलेला. घरात २०० टन माल पडून होता. दोन-चार टन नीट वितळवून हातात सोनं घ्यायचं आणि मगच पुढची जहाजं सोडायची, ही साधी गोष्ट करता आली असती. तसं न करता केंटमधल्या डार्टफर्डला मोठ्या भट्ट्या बांधायला घेतल्या आणि भट्ट्या पुऱ्या व्हायच्या आत तिसरं आरमार सज्ज केलं.

कारण उघड आहे. उत्तरेचा समुद्र वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिने उघडतो. मे चुकला की वर्ष गेलं. तोवर स्पेन किंवा फ्रान्स तिथे पोचला तर? शिवाय जुन्या भागधारकांकडून पुढच्या खेपेचा हप्ता मागायचा तर ‘मागचा माल खरा आहे’ असं म्हणणं भागच होतं. राणीचे पैसे, तिच्या दरबारातल्या बर्ली, लेस्टर, वॉल्सिंगहॅम या बड्यांचे पैसे. एवढी मोठी नावं वहीत असली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने तपासलंच असेल. बर्लीसारखा काटेकोर मंत्रीही याला अपवाद ठरला नाही.

तिसरी फेरी

३१ मे १५७८ रोजी पंधरा जहाजं निघाली. माणसं चारशेच्या घरात. कॉर्नवॉलहून सक्तीने भरती केलेले खाणकामगार, सोबत सुट्या भागांत बांधलेलं लाकडी घर. शंभर माणसांनी तिथेच हिवाळा काढायचा, असा बेत होता.

खाडीच्या तोंडाशी बर्फाने कोंडलं. ‘डेनिस’ हे शंभर टनांचं जहाज हिमखंडावर आदळून बुडालं. माणसं वाचली, घराचे बरेच भाग तळाला गेले. धुक्यात वाट चुकून आरमारातली काही जहाजं दक्षिणेकडच्या रुंद पाण्यात शिरली आणि कित्येक दिवस पश्चिमेला जात राहिली. हे पाणी संपतच नव्हतं. आपण चुकलोय हे फ्रोबिशरला कळलं होतं. दगड भरायचा नसता तर आपण याच वाटेने चीन गाठलं असतं, असं तो बोलल्याचंही नोंदलेलं आहे. ते पाणी म्हणजे आजची हडसन सामुद्रधुनी. चीनला ती जात नाही, पण त्या टापूतला आत जाणारा खरा मार्ग तोच होता. १६१०मध्ये हेन्री हडसन त्यातून आत गेला आणि नाव त्याचं लागलं. फ्रोबिशर मागे वळला, कारण हुकुमात खाण होती. त्या पाण्याला त्याने दिलेलं नाव होतं ‘चुकलेली सामुद्रधुनी’.

कोडलुनार्नवर महिनाभर पहारी चालल्या. घर अर्धंच उरलं होतं, सुतारांनी मागितलेल्या आठवड्यांएवढे दिवस हातात नव्हते, बिअरही अपुरी. वस्तीचा बेत रद्द झाला. तरी एडवर्ड फेंटनने चुन्यात दगड बसवून एक लहानसं घर उभं करवलं, हिवाळ्यात टिकतं का बघायला. आत घंट्या, सुऱ्या, खेळणी मांडली, भट्टीत भाजलेला पाव ठेवला. स्थानिकांना भुलवायला. बाहेर वाटाणे आणि धान्य पेरलं. पुढच्या वर्षी येऊन बघू म्हणाले. कोणी आलं नाही.

परतीच्या वादळांत आरमार विखुरलं, चाळीसेक माणसं दगावली, तरी हजार टनांच्या वर दगड इंग्लंडला लागला. ‘इमॅन्युएल’ हे जहाज आयर्लंडच्या स्मेरविक बंदरात फुटलं, माल तिथेच पडला. त्याच जहाजाने वाटेत एक बेट पाहिल्याची खबर आणली. नसलेलं ते बेट पुढची दोन-अडीचशे वर्षं नकाशांवर राहिलं. बनावट नकाशा घेऊन निघालेल्या मोहिमेने जाता जाता नकाशाला आणखी एक थाप पुरवली.

वसुली

डार्टफर्डच्या भट्ट्या पेटल्या. सोनं निघेना. दोष भट्टीचा, मग भात्याचा, मग मिश्रणात घालायच्या धातूचा, असं करत करत वर्षं गेली. खलाशांचे पगार थकले. एकूण भांडवल वीस हजार पौंडांच्या वर गेलं होतं, त्यात चार हजार राणीचे. अर्ल ऑफ ऑक्सफर्डचे तीन हजार, त्यातले दोन हजारांचे भाग त्याने लॉककडूनच विकत घेतलेले.

सगळं लॉकवर आलं. फ्रोबिशर त्याला उघड चोर म्हणू लागला. घेणेकऱ्यांनी त्याला फ्लीट तुरुंगात घातलं. पंधरा पोरांचा बाप आहे, असं तो अर्जांत लिहीत राहिला. त्याच्या वहीत घोळ आहेत, तपासनिसांनी ते काढलेही. पण पैसा खाल्ल्याच्या खुणा मला दिसत नाहीत, गमावल्याच्या दिसतात. फ्रोबिशर मात्र तरला. १५८५मध्ये तो ड्रेकबरोबर वेस्ट इंडिजला गेला, १५८८मध्ये स्पॅनिश आरमाराशी लढून ‘सर’ झाला, १५९४मध्ये ब्रेस्टजवळच्या किल्ल्याच्या वेढ्यात गोळी लागून गेला.

आपल्याकडच्या वाचकाला यातली एक तारीख गंमतीची वाटेल. भट्ट्या थंड पडत असताना, ऑक्टोबर १५७९मध्ये, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. लिस्बनहून, पोर्तुगीजांच्या जहाजातून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून. पूर्वेची वाट तीच होती आणि ती वाहती होती. मराठी भाषेला खड्यांतल्या रत्नाची उपमा देणारा तो हाच स्टीफन्स.

पाच खलाशी

इंग्रजी कागद त्या पाच जणांबद्दल इनुइटांनी मारले असतील असं धरून चालतात. १८६१-६२मध्ये चार्ल्स फ्रान्सिस हॉल हा अमेरिकन त्या खाडीत फिरला तेव्हा म्हाताऱ्या इनुइट बायकांनी त्याला आजीपणजीकडून आलेली हकिगत सांगितली. गोरे लोक तीनदा आले, दरवेळी जास्त जहाजं घेऊन. पाच जण मागे राहिले, आमच्यात राहिले. मग त्यांनी बेटावरच्या चरात बसून जहाज बांधलं, शीड लावलं, वेळेआधी निघाले आणि थंडीने हात गोठून परतले. अखेर मेले. हॉलने बेटावर जाऊन चर पाहिले, कोळसा आणि विटांचे तुकडे उचलले. तीनशे वर्षं तोंडी चाललेली नोंद सफरींच्या संख्येत चुकली नव्हती. युरोपातल्या छापील नकाशांत मात्र मधली बरीच वर्षं फ्रोबिशरची सामुद्रधुनी ग्रीनलंडच्या पोटातून काढलेली होती.

दगड

डार्टफर्डला जुन्या राजवाड्याच्या आवाराची भिंत आहे. तिच्यात तांबूस विटा आणि फिकट दगडांमध्ये मधेच काळे, जड, बारीक चमकणारे धोंडे बसवलेले दिसतात. फुकट पडलेला माल, गवंड्याने वापरून टाकला. आजच्या भूवैज्ञानिकांनी या खडकाची रासायनिक तपासणी केली आहे. अँफिबोल आणि पायरॉक्झिन खनिजांचा साधा खडक तो, आणि त्यात सोनं अब्जाला काही भाग इतकंच. चमक त्या खनिजांच्या पापुद्र्यांची.

१५८३च्या सुरुवातीला सरकारने शेवटची चाचणी मागवली. दोन हंड्रेडवेट, म्हणजे शंभर किलो दगड वितळवला गेला. निघाले ते चांदीचे टाचणीच्या टोकाएवढे दोन मणी. पारख्याने ते अहवालाच्या कागदावर लाखेने चिकटवले आणि खाली सही केली. सही विल्यम विल्यम्सची, सहा वर्षांपूर्वी ‘यात धातू नाही’ म्हणणाऱ्या त्याच पहिल्या माणसाची.